परग्रहाची पुढची बातमी कुठे छापली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, आधीच सांगते, पण एकदा लिहूनच टाकू म्हणलं. कापायचं तिथं कापा.

माझं नारायणगावात झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल, ऑनलाइन फॉर्म. तुमचा पेपर दुकानात रोज येतो आणि दुपारपर्यंत त्याचा पार चोळामोळा होतो एवढी माणसं तो वाचतात. एप्रिल २०२५ मध्ये तुमच्या पहिल्या पानावर बातमी होती की के२-१८बी नावाच्या परग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडली, १२४ प्रकाशवर्षं लांब, केंब्रिजचे निक्कू मधुसूदन, जेम्स वेब दुर्बीण, सोबत निळ्या समुद्राचं चित्र. माझी थोरली परग्रहांवरच काम करते त्यामुळे मी हौसेनं ते कात्रण काढलं, लॅमिनेट केलं आणि काउंटरच्या मागं भिंतीला चिकटवलं. रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला तर पहिलं वाक्य काय, तर आई, ते मागचं काढ.

का गं, एवढी चांगली बातमी आहे, आपल्या माणसाचं नाव आहे. तर म्हणाली बातमी खोटी नाहीये, अर्धी आहे. त्या लोकांना त्या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसली, आपल्याकडे तो वायू समुद्रातले बारीक जीव तयार करतात, पण ती खूण तीन सिग्माची होती, म्हणजे नुसत्या योगायोगानं असं दिसायची शक्यता हजारात तीन. आपल्याला हे पक्कं वाटतं, पण त्यांच्यात पाच सिग्मा झाल्याशिवाय पेढे वाटत नाहीत. स्वतः मधुसूदन यांनी सांगितलेलं की अजून निरीक्षणं पाहिजेत. नंतर दुसऱ्या गटांनी तोच डेटा परत तपासला आणि खूण तेवढी पक्की नाही असं निघालं. ही दुसरी बातमी मी तुमच्या पेपरात शोधली, रद्दीचा अख्खा गठ्ठा उपसला, नाही सापडली. आली असेल तर आतल्या पानात दोन ओळी असेल, माझ्या नजरेतून सुटली असेल तर माफ करा. पण समुद्राच्या चित्रासकट तर नक्कीच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल हिला यातलं काय कळतं. खरंय, मी बारावी. पण तिचे सगळे फॉर्म, सगळी सर्टिफिकेटं, शेवटी थिसिससुद्धा माझ्या मशीनवरून गेलंय आणि जे मशीनवरून जातं ते मी वाचते, सवय आहे.

ती पीएचडीला असताना सुट्टीत आली होती आणि दुकानातल्याच प्रिंटरवर चाळीसेक पानं काढत होती. प्रत्येक पानावर नुसते ठिपके, ठिपक्यांचा आडवा पट्टा, आणि मधेच ठरावीक अंतरानं चार-पाच ठिपके खाली घसरलेले. मी दोन पानं बघितली आणि मशीनच बंद केलं. कारण आमच्या धंद्यात पहिलं काय शिकतो तर कागदावर सारख्या अंतरानं डाग यायला लागला की समजायचं मशीनच्या आत फिरणारा ड्रम गेला, ड्रमवर ओरखडा असला की तो एक फेरी फिरला की तोच डाग परत उमटतो. नव्या ड्रमचा खर्च आठवून माझ्या पोटात गोळा आलेला आणि ही हसतीये. म्हणाली आई तू आमच्यातच यायला पाहिजे होतंस, आम्ही दिवसभर हेच करतो, सारख्या अंतरानं डाग दिसला की बघायचं तो ग्रह आहे का आपलाच ड्रम खराब आहे.

मग तिनं नीट सांगितलं. लांबच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, आणि ग्रह दर फेरीला पुढून जाणार म्हणून ती घसरण सारख्या अंतरानं येते. जरासा म्हणजे किती, तर आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना कोणी लांबून बघितली तर उजेड दहा लाखात ८४ भाग कमी होईल, बस. एवढ्याशा घसरणीवरून ठरवायचं डाग खरा का ड्रमचा. अशा ठरवून ठरवून पक्क्या झालेल्या परग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये ६००० च्या वर गेली.

तिचा विषय त्यातही जरा आडबाजूचा, मेलेल्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह. आपला सूर्य अजून साधारण ५०० कोटी वर्षांनी फुगेल, बुध-शुक्र गिळेल, मग वरची टरफलं झडून आत पृथ्वीएवढा एक गोळा उरेल, त्याला व्हाइट ड्वार्फ म्हणतात, पुस्तकात श्वेत बटू. आकार पृथ्वीएवढा पण वजन सूर्याच्या निम्म्याच्या आसपास, चमचाभर माल काढला तर काही टन भरेल. सूर्यापेक्षा बरेच भारी तारे मेले की त्याहून घट्ट न्यूट्रॉन तारा होतो, तो २०-२५ किलोमीटरचा, म्हणजे आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश जेवढ्या भागात पसरल्यात तेवढ्यात बसेल, आणि वजन सूर्यापेक्षा जास्त. तर अशा मढ्याभोवती कोणी फिरायला शिल्लक राहतं का, आणि राहिलं तर ते कसं वाचलं, हा हिचा प्रश्न. (पाहुण्यांना हे सांगायचं कसं हा माझा प्रश्न. मी "स्पेसमध्ये आहे" सांगते, मग ते विचारतात इस्रोत का, मी हो-नाही करते.)

गंमत अशी की तारा एवढासा झाला की ग्रह पुढून गेल्यावर घसरण मोठी दिसते. २०२० मध्ये डब्ल्यूडी १८५६ नावाच्या श्वेत बटूभोवती गुरूएवढा ग्रह सापडला, ८० प्रकाशवर्षांवर. ग्रह ताऱ्यापेक्षा सातेक पट मोठा, ३४ तासात एक फेरी मारतो आणि पुढून जातो तेव्हा ताऱ्याचा निम्म्याहून जास्त उजेड आठेक मिनिटं गायब. म्हणजे आंब्यासमोरून कलिंगड गेल्यासारखं. हा शोध ज्यांच्या नावावर आहे ते अँड्र्यू व्हँडरबर्ग, आणि त्यांची गोष्ट हिनं मला दोन-तीनदा सांगितली म्हणून पाठ झालीये.

२०१३ ची गोष्ट. नासाची केपलर दुर्बीण नेम धरायला ज्या चाकांवर चालायची त्यातलं दुसरं चाक बिघडलं, चारातली दोनच राहिली, दुर्बीण स्थिर राहीना, संपलं म्हणून सगळे हळहळले. मग इंजिनिअर लोकांनी सूर्याच्या उजेडाच्या दाबावरच तिला तोलून धरायची युक्ती काढली आणि २०१४ पासून के२ नावानं काम परत चालू केलं. पण ती हळूहळू कलायची आणि दर सहा तासांनी धक्का देऊन सरळ करावी लागायची, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याच्या आलेखात सहा-सहा तासांचे दात पडायचे, करवतीसारखे. ड्रमचा डाग, दुसरं काय! तेव्हा व्हँडरबर्ग हार्वर्डला पीएचडीचा विद्यार्थी होता, त्यानं आपल्या गाइडबरोबर बसून हे दात घासून काढायची पद्धत लिहिली. दिसायला कारकुनी काम. पण त्या साफ केलेल्या डेटातच २०१५ मध्ये त्याला डब्ल्यूडी ११४५ सापडला, ५७० प्रकाशवर्षांवरचा श्वेत बटू, ज्याच्याभोवती साडेचार तासात फेरी मारणारा एक दगडी गोळा तुटत तुटत चाललाय, धुरळा उडतोय, उजेड कधी कधी ४० टक्क्यांपर्यंत पडतोय. श्वेत बटू आपलेच ग्रह-दगड खातात असं शास्त्रज्ञ आधीपासून म्हणत होते कारण त्यांच्या उजेडात कॅल्शियम, लोखंड असल्या धातूंच्या खुणा दिसायच्या, पण प्रत्यक्ष जेवताना पकडला तो इथं. आणि पकडला कोणी, ज्यानं दात घासले त्यानंच.

हे मी का सांगते तर हिलाही एक डाग सापडला होता. नाव-गाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. आठ महिने ती त्याच्या मागं होती. गणपतीला घरी आली तर आरतीला एक हात टाळीला आणि एक मोबाईलवर. आणि नंतर एका रात्री फोन, आई तो आमचा नव्हता. टेस नावाच्या दुर्बिणीचा एकेक पिक्सेल आकाशाचा एवढा मोठा तुकडा व्यापतो की शेजारच्या ताऱ्याचा उजेडही त्यातच सांडतो, आणि शेजारी दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते, एकमेकांना झाकत होते, त्यांची घसरण हिच्या ताऱ्यावर उमटत होती. मला लगेच कळलं. पातळ कागदाची झेरॉक्स काढली की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात, तसं. आम्ही मागं काळा कागद धरतो, त्यांनी मोठ्या दुर्बिणीतून परत बघितलं. आठ महिन्यांचं काम गेलं. थिसिसमध्ये त्याची किती पानं झाली विचारा. चार. मीच बाइंड केलीत.

तेव्हा तिनं मला लाइन साहेबांची गोष्ट सांगितली, बहुतेक स्वतःलाच सांगत होती.

जुलै १९९१, इंग्लंडातल्या जॉड्रेल बँकचे अँड्र्यू लाइन आणि त्यांचे दोन सहकारी, मॅथ्यू बेल्स आणि शेमार, यांनी जाहीर केलं की एका पल्सारभोवती ग्रह सापडलाय. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, दर फेरीला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो, दीपगृहासारखा, आणि तो इतका वेळेचा पक्का की ठोका किंचित मागं-पुढं झाला तर त्याला कोणीतरी ओढतंय असं ओळखता येतं. सूर्यमालेबाहेरचा पहिला ग्रह म्हणून जगभर गाजलं. ग्रहाची फेरी होती सहा महिन्यांची. आता सहा महिने म्हणजे आपल्या वर्षाचा बरोब्बर अर्धा, इथंच शंका यायला पाहिजे की नाही? पृथ्वी सूर्याभोवती अगदी गोल फिरत नाही, किंचित लंबगोल फिरते, तो फरक हिशेबातून नीट काढायचा राहून गेला होता. म्हणजे ड्रम कुठला, तर आपण ज्याच्यावर उभे आहोत तोच! जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत अटलांटाला मोठी परिषद होती, लाइन तिथं या ग्रहावर बोलणार होते, ते उभे राहिले आणि सरळ सांगितलं की ग्रह नाहीये, आमची चूक झाली. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं.

आणि त्यांच्यानंतर बोलायला कोण, तर अलेक्झांडर वोल्शचान, पोलंडचे, त्यांचंही तेच, पल्सारभोवती ग्रह! यांची अरेसिबोची ३०५ मीटरची दुर्बीण १९९० मध्ये दुरुस्तीला होती, नीट वळत नव्हती म्हणून बाकीच्यांची कामं थांबलेली आणि यांना भरपूर वेळ मिळाला, त्यात बी१२५७+१२ हा सेकंदाला १६० पेक्षा जास्त वेळा फिरणारा पल्सार सापडला. डेल फ्रेल यांनी दुसऱ्या दुर्बिणीवरून त्याची जागा एकदम नेमकी काढून दिली, म्हणजे जिथं लाइन फसले नेमकी तीच फट बुजवली. ग्रह निघाले दोन, साधारण ६७ आणि ९८ दिवसांचे, आपल्या वर्षाशी काही घेणंदेणं नसलेले. ते टिकले, आजही आहेत. नंतर चंद्राच्या दुप्पट वजनाचा एक बारकाही त्यात सापडला. मेलेल्या ताऱ्याचे म्हणून तिघांना भुताखेतांची नावं दिलीत, खरंच, ड्रॉगर, पोल्टरगाइस्ट, फोबेटर.

तर साहेब, सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह असे मढ्याभोवती सापडलेत, आणि त्याच्या आधी एक चूक कबूल केलीये. त्या चुकीच्या पेपरातले मॅथ्यू बेल्स तेव्हा करिअरच्या सुरुवातीला होते. २०११ मध्ये त्यांच्याच गटाला दुसऱ्या एका पल्सारभोवती गुरूएवढ्या वजनाचा, दोन तास दहा मिनिटात फेरी मारणारा गोळा सापडला, एका श्वेत बटूचाच कुरतडून उरलेला गाभा, बहुतेक कार्बनचा. तोच तो "हिऱ्याचा ग्रह", तुम्हीसुद्धा छापला असेल. पण हिऱ्याच्या बातमीत वीस वर्षांपूर्वीची ती टाळ्यांची गोष्ट कोणी छापली असेल असं मला वाटत नाही, आणि मला विचाराल तर हिऱ्यापेक्षा तीच भारी आहे.

अजून एक, हे शोध लावणारी माणसं पांढऱ्या केसांची असतात असा आपला समज. जोसलिन बेल १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडीला होत्या, त्यांच्या यंत्रातून रोज ९६ फूट कागद बाहेर पडायचा, मी हिशेब केला, ए-फोर उभे जोडले तर जवळजवळ शंभर पानं, आणि हे सगळं त्या डोळ्यांनी बघायच्या. त्यात एका ठिकाणी बारीकसा गिचमिडा, जो कोणीही मशीनचा दोष म्हणून सोडला असता, मी तर नक्कीच. तो पहिला पल्सार. १९७४ चं नोबेल त्यांच्या गाइडला मिळालं, त्यांना नाही. २०१८ मध्ये ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं तर ते सगळं त्यांनी ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा पीएचडीच्या विद्यार्थ्यांना देऊन टाकलं. दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला तेव्हा तेही पीएचडीलाच, चार दिवसात फेरी मारणारा ग्रह बघून आधी आपलाच प्रोग्रॅम चुकलाय म्हणून घाबरले होते. आणि श्वेत बटू सूर्याच्या १.४ पटीपेक्षा जास्त भारी होऊ शकत नाही हे ज्यांनी काढलं ते चंद्रशेखर १९३० मध्ये मुंबईहून बोटीत बसले तेव्हा १९ वर्षांचे होते, बोटीवरच गणित मांडत होते.

आता आमच्या पोरीची वाट. बीएस्सी फिजिक्स तालुक्यात, एमएस्सी पुण्यात, मग पीएचडीसाठी जेस्ट, नेट या परीक्षा, आयुका-एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थांची प्रवेश परीक्षा, मग वर्षभर कोर्सवर्क, मग पाच वर्षं पीएचडी. आता जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपला, महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० मिळतात, तिच्या वेळी कमी होते, आणि वेळेवर यायचे असंही नाही, दोनदा तिनं माझ्याकडून भाड्याला पैसे घेतलेत. नंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, दोन-तीन वर्षांचं काँट्रॅक्ट, मग दुसरं, दुसरा देश, परत व्हिसा. दर दिवाळीच्या आसपास पन्नासेक ठिकाणी अर्ज, आणि मग १५ फेब्रुवारीपर्यंत जीव टांगणीला कारण बऱ्याच ठिकाणची उत्तरं तोवर येतात. आमच्याकडे १५ फेब्रुवारीला कोणी फोन केला तर मी आधी विचारते, बोल, काय झालं. पाहुणे विचारतात सेटल कधी होणार. आता मी सांगते, तिचे तारेसुद्धा सेटल व्हायला काही कोटी वर्षं घेतात, थांबा थोडं.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती दुकानातनं आलीये. गेल्या डिसेंबरात बीएस्सीचा एक पोरगा तलाठी भरतीचा फॉर्म भरायला आला. खोडदकडचा. भिंतीवरचं कात्रण वाचत उभा राहिला आणि म्हणाला काकू, आमच्या वावरातून डिश दिसते, लहानपणापासून बघतोय, तिथं आत काम करायला काय शिकावं लागतं? ४५ मीटरच्या तीस डिश, जगभरचे लोक तिथं पल्सार ऐकायला वेळ मागतात, २०२३ मध्ये पल्सारच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली त्यात इथल्या मोजणीचा वाटा आहे, आणि ज्याच्या बांधावरून ती दिसते त्याला दार कुठंय माहीत नाही. मी त्याला आयआयटीच्या जॅम परीक्षेचं सांगितलं, एमएस्सीसाठी लागते, वेबसाइट उघडली तर फॉर्मची तारीख दोन महिन्यांपूर्वीच गेलेली. तलाठीचा फॉर्म भरून तो गेला. पन्नास रुपये घेतले मी, तेही नको वाटत होते.

तुमच्या शिक्षणाच्या पानावर नीटची तारीख, एमपीएससीची तारीख, पोलीस भरती, सगळं असतं, आणि ते असावंच, त्यावर माझं दुकान चालतं. त्यात जॅम, जेस्ट यांच्या तारखा दोन ओळीत टाका ना. आयुका-एनसीआरए मिळून कॉलेजच्या पोरांसाठी डिसेंबरात रेडिओ खगोलशास्त्राचं शिबिर घेतात, ते टाका. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला गर्दी होते तिचा फोटो तुम्ही छापता, त्या फोटोखाली छापा. आता हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया होतंय, २६०० कोटी मंजूर झालेत, कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची थरथर तिथं मोजणार, तिकडच्या पोरांनाही पुढं कोणीतरी झेरॉक्सवालीच सांगणार का?

आणि परग्रहाची बातमी छापली की वर्षभरानं तिचं काय झालं तेही छापा, खोटी निघाली तरी. राशिभविष्याच्या शेजारी जागा असते थोडी. ते बंद करा असं मी म्हणत नाही, मी स्वतः आधी तेच वाचते, माझी कन्या रास आहे.

माझं नाव छापू नका, पोरगी रागवेल. कात्रण मी अजून काढलेलं नाही, लॅमिनेशन तसं निघत पण नाही, पण त्याच्या खाली मार्करनं "तपासणी चालू आहे" असं लिहून ठेवलंय. गिऱ्हाइकं विचारतात, मशीनची का?

आपली,
एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)